राष्ट्रपतिपदाची निवडणूक आणि महाराष्ट्राचे मत : १९६९ व २००७ या निवडणुकांचा तुलनात्मक अभ्यास

प्रस्तावना

राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीचा निकाल लागला की ‘महाराष्ट्राने अमुक उमेदवाराच्या बाजूने कौल दिला’ अशा अर्थाची विधाने वृत्तपत्रांतून व भाषणांतून हमखास आढळतात. मतमोजणी राज्यवार होत असल्याने प्रत्येक राज्याचे आकडेही स्वतंत्रपणे प्रसिद्ध होतात आणि या विधानांना आधार मिळाल्यासारखे वाटते. तथापि भारतीय राज्यघटनेने राष्ट्रपतीच्या निवडणुकीत राज्य या घटकाला एकसंध मत दिलेले नाही. मत आहे ते निर्वाचित आमदाराला व निर्वाचित खासदाराला, आणि तेही गुप्त. तेव्हा ‘महाराष्ट्राचे मत’ म्हणजे नेमके काय, ते कशाने घडते आणि मराठी अस्मिता हा घटक त्यात किती प्रभावी ठरतो, हे प्रश्न इतिहासाच्या व राज्यशास्त्राच्या अभ्यासकासमोर उभे राहतात.

प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा विचार १९६९ व २००७ या दोन निवडणुकांच्या आधारे केला आहे. या दोन निवडणुका निवडण्याचे कारण असे की, दोन्ही वेळी मराठी उमेदवार रिंगणात होते. १९६९ मध्ये चिंतामणराव देशमुख पराभूत झाले. २००७ मध्ये प्रतिभाताई पाटील विजयी होऊन देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती व या पदावरील पहिल्या मराठी व्यक्ती ठरल्या. महाराष्ट्रासाठी केंद्रीय मंत्रिपदाचा त्याग करणाऱ्या देशमुखांच्या वेळी ‘मराठी माणूस’ हा मुद्दा प्रभावी का ठरला नाही आणि अडतीस वर्षांनंतर तोच मुद्दा एका पक्षाला आपल्या आघाडीच्या विरोधात जाण्यास पुरेसा का वाटला, हा या लेखाचा मध्यवर्ती प्रश्न आहे. सोलापूर जिल्ह्याचा या दोन्ही निवडणुकांशी आलेला संबंधही ओघाने विचारात घेतला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) राष्ट्रपतीच्या निवडणुकीत महाराष्ट्राचे मतमूल्य कसे ठरते हे स्पष्ट करणे.
२) १९६९ व २००७ या निवडणुकांत महाराष्ट्राच्या मतांचे वजन किती होते हे तपासणे.
३) या दोन निवडणुकांतील मराठी उमेदवारीचे स्वरूप व तिला मिळालेला प्रतिसाद यांची तुलना करणे.
४) सोलापूर जिल्ह्यातील व्यक्ती व मतदारसंघ यांचा या निवडणुकांशी असलेला संबंध नोंदविणे.

मतमूल्याचे गणित

राज्यघटनेच्या अनुच्छेद ५४ नुसार संसदेच्या दोन्ही सभागृहांतील निर्वाचित सदस्य आणि राज्यांच्या विधानसभांतील निर्वाचित सदस्य मिळून राष्ट्रपतीचे निर्वाचक मंडळ बनते. महाराष्ट्रात विधान परिषद असली तरी तिच्या सदस्यांना या निवडणुकीत मताधिकार नाही. नामनिर्देशित सदस्यांनाही तो नाही.

अनुच्छेद ५५ मध्ये मतमूल्याची रीत सांगितली आहे. राज्याच्या लोकसंख्येला विधानसभेच्या निर्वाचित सदस्यसंख्येने भागावयाचे व येणाऱ्या भागाकारात जितके हजार असतील तितकी मते प्रत्येक आमदाराला द्यावयाची. हजारांनंतरची बाकी पाचशे वा त्याहून अधिक असेल तर आणखी एक मत वाढते. सर्व राज्यांतील आमदारांच्या एकूण मतमूल्यास संसदेच्या निर्वाचित सदस्यसंख्येने भागले असता खासदाराचे मतमूल्य मिळते. अशा रीतीने राज्यांमध्ये परस्पर समतोल आणि सर्व राज्ये मिळून व केंद्र यांच्यात समतोल असा दुहेरी मेळ घटनाकारांनी साधला आहे.

१९६९ च्या निवडणुकीसाठी १९६१ ची जनगणना आधारभूत होती. तीनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या ३,९५,५३,७१८ होती व विधानसभेच्या जागा २७० होत्या. भागाकार १,४६,४९५ येतो. म्हणजे प्रत्येक आमदाराचे मतमूल्य १४६. बाकी ४९५ उरल्याने ते १४७ होऊ शकले नाही. पाचशेची मर्यादा अवघ्या पाचाने हुकली. संपूर्ण विधानसभेचे मतमूल्य ३९,४२० होते. खासदाराचे मतमूल्य त्या वेळी ५७६ होते.

२००७ मध्ये १९७१ च्या जनगणनेचा आधार होता. राज्याची तेव्हाची लोकसंख्या ५,०४,१२,२३५ व विधानसभेच्या जागा २८८. त्यामुळे आमदाराचे मतमूल्य १७५ व संपूर्ण विधानसभेचे ५०,४०० झाले. खासदाराचे मतमूल्य ७०८ होते. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने १९७१ ची लोकसंख्या गोठविली व २००१ च्या चौऱ्यांशीव्या घटनादुरुस्तीने ही मर्यादा २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढविली. कुटुंबनियोजन गांभीर्याने राबविणाऱ्या राज्यांचे नुकसान होऊ नये, हा त्यामागील हेतू होता. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २३ लाखांवर गेली, तरी आमदाराचे मतमूल्य १७५ च राहिले.

येथे अमेरिकेशी असलेला भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. अमेरिकेत मेन व नेब्रास्का यांचा अपवाद वगळता ज्या उमेदवाराला एखाद्या राज्यात सर्वाधिक मते मिळतात, त्याच्या पारड्यात त्या राज्याची सर्व निर्वाचक मते पडतात. तेथे ‘राज्याने कौल दिला’ हे विधान शब्दशः खरे असते. भारतात प्रमाणशीर प्रतिनिधित्व व एकल संक्रमणीय मतपद्धती असल्याने राज्याची मते उमेदवारांमध्ये विभागली जातात आणि प्रत्येक मतदार पहिल्या पसंतीबरोबर पुढील पसंतीही नोंदवू शकतो. शिवाय मतदान गुप्त असून त्यासाठी पक्षादेश लागू होत नाही. राज्यसभेच्या निवडणुकीत २००३ पासून आमदारांना आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीस दाखवावी लागते. राष्ट्रपतीच्या निवडणुकीत तसे बंधन नाही. म्हणूनच येथे ‘महाराष्ट्राचे मत’ ही एक बेरीज आहे, निर्णय नव्हे.

१९६९ ची निवडणूक

३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन यांचे निधन झाले. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी हे हंगामी राष्ट्रपती झाले. जुलैमध्ये बंगळूर येथे काँग्रेसच्या संसदीय मंडळाने नीलम संजीव रेड्डी यांना उमेदवारी दिली. पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी जगजीवनराम यांचे नाव पुढे केले होते; परंतु मंडळातील बहुमत त्यांच्या विरोधात गेले. तत्कालीन गृहमंत्री यशवंतराव चव्हाण यांनीही रेड्डी यांच्या बाजूने मत दिले. महाराष्ट्राच्या दृष्टीने ही घटना महत्त्वाची होती, कारण वसंतराव नाईक मुख्यमंत्री असले तरी राज्य काँग्रेसवर चव्हाणांचा प्रभाव निर्विवाद होता.

पुढील घटना वेगाने घडल्या. मोरारजी देसाई यांच्याकडून अर्थखाते काढून घेण्यात आले, १९ जुलैला चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि गिरी यांनी राजीनामा देऊन अपक्ष म्हणून उमेदवारी जाहीर केली. रेड्डी यांच्या उमेदवारी अर्जावर स्वतः पंतप्रधानांची स्वाक्षरी होती. काँग्रेसचे अध्यक्ष निजलिंगप्पा यांनी रेड्डी यांच्यासाठी दुसऱ्या पसंतीची मते मिळविण्याकरिता स्वतंत्र पक्ष व जनसंघ यांच्या नेत्यांशी बोलणी केली. हे कारण पुढे करून पंतप्रधानांच्या गटाने सदसद्विवेकबुद्धीनुसार मतदान करण्याची मुभा मागितली आणि ‘अंतरात्म्याचा आवाज’ हा शब्दप्रयोग भारतीय राजकारणात रूढ झाला.

तिसरे प्रमुख उमेदवार होते चिंतामणराव देशमुख. रायगड जिल्ह्यातील महाडजवळील नाते येथे जन्मलेले देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९५० पासून केंद्रीय अर्थमंत्री, नंतर विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष व दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. परंतु मराठी जनमानसात त्यांचे स्थान निराळ्याच कारणाने निर्माण झाले होते. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याच्या धोरणाच्या निषेधार्थ १९५६ मध्ये त्यांनी अर्थमंत्रिपद सोडले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात सत्तेच्या सर्वोच्च वर्तुळातील मराठी माणसाने केलेला हा त्याग विलक्षण गाजला.

असे असूनही १९६९ मध्ये देशमुखांची उमेदवारी महाराष्ट्राची उमेदवारी होऊ शकली नाही. याचे उत्तर विधानसभेच्या रचनेत सापडते. त्यांना पाठिंबा होता तो स्वतंत्र पक्ष व जनसंघ यांचा. १९६७ च्या निवडणुकीत महाराष्ट्र विधानसभेच्या २७० जागांपैकी काँग्रेसला २०३, शेतकरी कामगार पक्षाला १९, भारतीय कम्युनिस्ट पक्षाला १०, प्रजासमाजवादी पक्षाला ८, रिपब्लिकन पक्षाला ५, संयुक्त समाजवादी पक्षाला ४, जनसंघाला ४ व मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाला १ जागा मिळाली होती. १६ अपक्ष होते. स्वतंत्र पक्षाचा एकही आमदार नव्हता. म्हणजे पक्षबळाच्या हिशेबाने देशमुखांच्या वाट्याला स्वतःच्या राज्यातून चार आमदारांची, मतमूल्याच्या भाषेत ५८४ मते येत होती.

यात एक ऐतिहासिक विसंगती आहे. ज्या लढ्यासाठी देशमुखांनी मंत्रिपद सोडले, तो लढा संयुक्त महाराष्ट्र समितीच्या नेतृत्वाखाली मुख्यतः डाव्या व समाजवादी पक्षांनी लढविला होता. राज्य १९६० मध्ये स्थापन झाले, समितीचे घटक पक्ष विखुरले आणि १९६९ मध्ये दोन्ही कम्युनिस्ट पक्ष गिरी यांच्या पाठीशी उभे राहिले. ज्या काँग्रेसवर १९५७ मध्ये मराठी मतदार रुष्ट झाला होता, ती काँग्रेस १९६७ पर्यंत राज्यात तीनचतुर्थांश जागांची धनी झाली होती. भाषिक राज्याची मागणी पूर्ण झाल्यावर त्या मागणीतून निर्माण झालेले भावबंध राजकीय बळ म्हणून उरले नव्हते. आर्थिक धोरण, बँकांचे राष्ट्रीयीकरण, काँग्रेसमधील सत्तासंघर्ष हे विषय पुढे आले आणि देशमुख त्या रेषेच्या ‘उजव्या’ बाजूचे उमेदवार म्हणून ओळखले गेले. त्यांचा १९५६ चा राजीनामा या नव्या विभागणीत बसत नव्हता.

मतदान १६ ऑगस्टला व मोजणी २० ऑगस्टला झाली. ८,३६,३३७ वैध मतांपैकी पहिल्या पसंतीची ४,०१,५१५ मते गिरी यांना, ३,१३,५४८ रेड्डी यांना व १,१२,७६९ देशमुख यांना मिळाली. विजयासाठी ४,१८,१६९ मते आवश्यक होती. कोणालाही ती न मिळाल्याने पुढील पसंतीची मते मोजावी लागली. अखेरीस गिरी यांची ४,२०,०७७ व रेड्डी यांची ४,०५,४२७ मते झाली. बाद उमेदवारांच्या मतांतून रेड्डी यांच्याकडे ९१,८७९ व गिरी यांच्याकडे १८,५६२ मते वळली. देशमुखांच्या मतदारांनी मोठ्या प्रमाणावर रेड्डी यांना दुसरी पसंती दिली होती, हे यावरून उघड होते. तरीही ती पुरेशी ठरली नाही.

या निकालात महाराष्ट्राचे वजन किती होते, हे गणिताने पाहता येते. अंतिम फरक १४,६५० होता. त्याच्या निम्म्याहून अधिक म्हणजे ७,३२६ मतमूल्य एका बाजूकडून दुसरीकडे गेले असते तर निकाल उलटला असता. १४६ या मतमूल्याने हिशेब केल्यास हे ५१ आमदार होतात. २७० सदस्यांच्या एका विधानसभेतील ५१ मते राष्ट्रपती बदलू शकली असती, इतकी ही निवडणूक अटीतटीची होती.

सोलापूरचे माजी खासदार आणि ८३१ मते

१९६९ च्या निवडणुकीत एकूण पंधरा उमेदवार होते. त्यांत देशमुखांखेरीज आणखी एक मराठी नाव होते, ज्याचा उल्लेख या निवडणुकीच्या चर्चेत क्वचितच होतो. ते म्हणजे पांडुरंग नाथूजी राजभोज. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे ते प्रमुख नेते होते. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सोलापूर हा द्विसदस्य मतदारसंघ होता. तेथून शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे व फेडरेशनचे राजभोज निवडून आले. त्या निवडणुकीत खुद्द बाबासाहेबांचा मुंबईत पराभव झाला आणि फेडरेशनला देशात लोकसभेच्या केवळ दोन जागा मिळाल्या. त्यांपैकी एक सोलापूरची होती. सोलापूरच्या राजकीय इतिहासात ही नोंद लक्षणीय आहे.

राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत राजभोज यांना ८३१ मते मिळाली. एका खासदाराचेच मतमूल्य ५७६ असल्याने ही केवळ मूठभर मतदारांची पसंती होती. निकालावर तिचा परिणाम शून्य होता. तरीही दलित चळवळीतून आलेला एक माजी खासदार देशाच्या सर्वोच्च पदासाठी अर्ज भरू शकतो, ही शक्यता तेव्हाच्या कायद्यात होती. १९५२ च्या मूळ कायद्यात मोठ्या संख्येने सूचक-अनुमोदक आणण्याची अट नव्हती. १९७४ मध्ये दहा सूचक, दहा अनुमोदक व अनामत रक्कम यांची अट आली. १९९७ मध्ये ती पन्नास सूचक व पन्नास अनुमोदक अशी झाली. १९७७ मध्ये सदतीसपैकी छत्तीस अर्ज बाद होऊन तेच नीलम संजीव रेड्डी बिनविरोध राष्ट्रपती झाले. गांभीर्य नसलेल्या उमेदवारांना आळा घालणे हा या तरतुदींचा हेतू योग्यच होता; परंतु त्यांमुळे मोठ्या पक्षाच्या आश्रयाखेरीज या पदाची उमेदवारी अशक्यप्राय झाली, हेही नोंदविले पाहिजे. २००७ मध्ये रिंगणात दोनच उमेदवार होते.

२००७ ची निवडणूक

२००७ मध्ये संयुक्त पुरोगामी आघाडीच्या उमेदवारीसाठी शिवराज पाटील, प्रणव मुखर्जी, डॉ. करण सिंह यांच्याबरोबर सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे यांच्या नावाचीही चर्चा झाली. अखेर १४ जून रोजी राजस्थानच्या राज्यपाल प्रतिभाताई पाटील यांचे नाव जाहीर झाले. जळगाव जिल्ह्यातील प्रतिभाताई १९६२ पासून १९८५ पर्यंत सलग विधानसभेच्या सदस्य होत्या. त्यानंतर राज्यसभेच्या उपसभापती व अमरावतीच्या खासदार म्हणून त्यांनी काम केले. येथे एक योगायोग नमूद करण्यासारखा आहे. १९६९ मध्ये त्या एदलाबादच्या आमदार होत्या. म्हणजे १४६ मतमूल्य असलेल्या २७० मतदारांपैकी त्या एक होत्या.

त्यांच्या विरोधात उपराष्ट्रपती भैरोसिंह शेखावत हे भारतीय जनता पक्षाच्या पाठिंब्यावर अपक्ष म्हणून उभे राहिले. २००४ मध्ये निवडून आलेल्या महाराष्ट्र विधानसभेत राष्ट्रवादी काँग्रेसला ७१, काँग्रेसला ६९, शिवसेनेला ६२ व भाजपला ५४ जागा मिळाल्या होत्या. नारायण राणे यांच्या पक्षत्यागानंतर शिवसेनेचे संख्याबळ काहीसे घटले होते. शिवसेना व भाजप यांची युती १९८९ पासूनची. युतीधर्मानुसार शिवसेनेची मते शेखावत यांना मिळणे अपेक्षित होते. परंतु मराठी व्यक्ती प्रथमच राष्ट्रपती होत आहे, या कारणासाठी बाळासाहेब ठाकरे यांनी प्रतिभाताईंना पाठिंबा जाहीर केला. सत्ताधारी आघाडी व प्रमुख विरोधी पक्ष एका उमेदवारामागे उभे राहिल्याने महाराष्ट्र विधानसभेत भाजप जवळजवळ एकाकी पडला.

१९ जुलैला मतदान व २१ जुलैला मोजणी झाली. प्रतिभाताईंना ६,३८,११६ व शेखावत यांना ३,३१,३०६ मते मिळाली. फरक ३,०६,८१० होता. १९६९ साठी केलेला हिशेब येथेही करून पाहता येतो. निकाल उलटण्यासाठी दीड लाखाहून अधिक मतमूल्य दुसऱ्या बाजूस जाणे आवश्यक होते. महाराष्ट्र विधानसभेचे एकूण मतमूल्यच ५०,४०० होते. संपूर्ण विधानसभा शेखावत यांच्या बाजूने गेली असती तरी निकाल बदलला नसता. अर्थात शिवसेनेचा निर्णय निकालासाठी आवश्यक नव्हता. त्याचे महत्त्व प्रतीकात्मक होते.

‘मराठी अस्मिता’ या स्पष्टीकरणाची मर्यादा

२००७ मधील शिवसेनेच्या भूमिकेचे स्पष्टीकरण केवळ मराठी अस्मितेने देणे पुरेसे आहे काय, हे पुढील निवडणुकांच्या प्रकाशात तपासावे लागते. २०१२ मध्ये भाजपने पी. ए. संगमा यांना पाठिंबा दिला असता शिवसेनेने काँग्रेसचे प्रणव मुखर्जी यांना मते देण्याचा निर्णय घेतला. मुखर्जी मराठी नव्हते. २०२२ मध्ये याच्या उलट चित्र दिसले. उद्धव ठाकरे यांच्या नेतृत्वाखालील शिवसेनेने काँग्रेस व राष्ट्रवादी काँग्रेस यांच्या आघाडीत असूनही त्या पक्षांचे उमेदवार यशवंत सिन्हा यांच्याऐवजी द्रौपदी मुर्मू यांना पाठिंबा दिला. त्या वेळी महाराष्ट्रातील १८१ आमदारांची मते मुर्मू यांना व ९८ जणांची सिन्हा यांना मिळाली.

तीनही वेळा आघाडीबाह्य भूमिका घेतली गेली. त्यांपैकी एकदाच उमेदवार मराठी होता. यावरून असे म्हणता येते की, राष्ट्रपतिपदाची निवडणूक ही प्रादेशिक पक्षाला आपले स्वतंत्र अस्तित्व मित्रपक्षाला जाणवून देण्याची संधी असते. सरकार पडत नाही, पक्षादेशाचा भंग होत नाही, आणि निकाल ठरलेला असेल तर कोणाचे नुकसानही होत नाही. मराठी अस्मिता हे २००७ मध्ये या भूमिकेचे सर्वांत सुलभ व लोकांना पटणारे कारण होते. ते कारण खोटे होते असे नव्हे. परंतु एकमेव नव्हते.

सोलापूरचे एक उदाहरण या संदर्भात उपयुक्त आहे. १२ ऑगस्ट २००२ रोजी झालेल्या उपराष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत सोलापूरचे तत्कालीन खासदार सुशीलकुमार शिंदे हे विरोधी पक्षांचे उमेदवार होते. या निवडणुकीत केवळ संसद सदस्य मतदान करतात. विधानसभेला त्यात स्थान नाही. शेखावत यांना ४५४ व शिंदे यांना ३०५ मते मिळाली. उमेदवार मराठी होता, दलित समाजातून स्वकर्तृत्वाने वर आलेला होता; तरी निकाल आघाड्यांच्या संख्याबळाने ठरला. पाच वर्षांनी त्याच शेखावत यांच्या विरोधात दुसऱ्या मराठी उमेदवाराचा विजय झाला, तोही मुख्यतः आघाडीच्या संख्याबळानेच.

सोलापूर जिल्हा : एका राज्याच्या आतील विविधता

‘महाराष्ट्राचे मत’ या संकल्पनेची मर्यादा एका जिल्ह्याच्या पातळीवर अधिक स्पष्ट होते. मराठी, कन्नड व तेलुगू भाषकांचे सहजीवन असलेल्या सोलापूर जिल्ह्यात २००७ मध्ये राष्ट्रपतीचे मतदार असलेले लोकप्रतिनिधी परस्परविरोधी विचारांचे होते. सोलापूरचे खासदार सुभाष देशमुख भाजपचे, तर पंढरपूरचे खासदार रामदास आठवले रिपब्लिकन पक्षाचे होते. सोलापूर शहर उत्तरचे आमदार विजयकुमार देशमुख भाजपचे, तर शहर दक्षिणचे नरसय्या आडम मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे होते. माळशिरसचे विजयसिंह मोहिते-पाटील राष्ट्रवादी काँग्रेसचे, सांगोल्याचे गणपतराव देशमुख शेतकरी कामगार पक्षाचे होते. १९६७ मध्ये सोलापूरचे खासदार सुरजरतन दमाणी काँग्रेसचे होते व काँग्रेस हा राज्यातील सर्वव्यापी पक्ष होता. चार दशकांत त्या एकपक्षीय वर्चस्वाची जागा बहुपक्षीय स्पर्धेने घेतली होती.

यांपैकी गणपतराव देशमुख यांचे उदाहरण या अभ्यासाच्या दृष्टीने विशेष आहे. १९६२ मध्ये प्रथम निवडून आलेले गणपतराव एकूण अकरा वेळा सांगोल्याचे आमदार झाले. १९६९ मध्ये ते आमदार होते आणि २००७ मध्येही. पक्ष एकच, मतदारसंघ एकच, मतदारही तेच. पहिल्या निवडणुकीत त्यांचे मतमूल्य १४६ होते, दुसऱ्यात १७५. पहिल्या वेळी देशातील निकाल इतका निसटता होता की पन्नासएक आमदारांच्या गटाला निर्णायक महत्त्व होते. दुसऱ्या वेळी त्यांच्या मताचे अंकमूल्य वाढले होते, परंतु निकालावरील प्रभाव जवळजवळ उरला नव्हता. मताचे मूल्य जनगणनेने ठरते. मताचे वजन मात्र त्या काळची राजकीय परिस्थिती ठरविते.

मतदाराचे स्वातंत्र्य

१९६९ च्या निवडणुकीने एक तत्त्व पुढे आणले. राष्ट्रपतीच्या निवडणुकीत आमदार वा खासदार हा पक्षाचा बांधील मतदार आहे की स्वतंत्र निर्वाचक, हा तो प्रश्न होता. गिरी यांच्या निवडीविरुद्धच्या याचिकेची सुनावणी सर्वोच्च न्यायालयात झाली. विद्यमान राष्ट्रपती स्वतः साक्षीसाठी न्यायालयात उपस्थित राहिले आणि १९७० मध्ये याचिका फेटाळली गेली. त्याआधी नोव्हेंबर १९६९ मध्ये काँग्रेसचे विभाजन झाले. ज्या चव्हाणांनी जुलैमध्ये रेड्डी यांची बाजू घेतली होती ते इंदिरा गांधींसोबत राहिले व राज्यातील काँग्रेसही मुख्यतः त्यांच्यासोबतच राहिली. अंतरात्म्याच्या आवाजाचे आवाहन सत्तासंघर्षातील एक साधन होते, हे खरे. तरीही घटनेतील गुप्त मतदानाच्या तरतुदीत अभिप्रेत असलेले स्वातंत्र्य त्या निमित्ताने प्रत्यक्ष वापरले गेले. २००७ मध्येही एका पक्षाने आघाडीची चौकट ओलांडली. मात्र तेथे निर्णय पक्षप्रमुखाचा होता, स्वतंत्र मतदाराचा नव्हे. हा फरक दोन कालखंडांतील पक्षपद्धतीचा फरक आहे.

निष्कर्ष

१) राष्ट्रपतीच्या निवडणुकीत ‘महाराष्ट्राचे मत’ ही घटनात्मक वस्तुस्थिती नसून निर्वाचित सदस्यांच्या गुप्त मतांची बेरीज आहे. राज्यवार आकड्यांचा अर्थ लावताना ही मर्यादा पाळणे आवश्यक आहे.

२) १९६९ मध्ये महाराष्ट्राची मते निर्णायक ठरण्याइतकी वजनदार होती, परंतु मराठी उमेदवार हा मुद्दा प्रभावी नव्हता. २००७ मध्ये तो मुद्दा प्रभावी होता. परंतु राज्याची मते निर्णायक नव्हती. जेथे निकाल पणाला लागलेला असतो तेथे पक्ष व धोरण यांच्या रेषा अधिक घट्ट राहतात आणि निकाल निश्चित असताना अस्मितेला वाव मिळतो, असे या तुलनेतून सूचित होते.

३) चिंतामणराव देशमुखांच्या त्यागाचे ऐतिहासिक मोल निर्विवाद असले, तरी १९६९ पर्यंत संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील राजकीय फळी विखुरली होती. त्याग स्मरणात राहतो. त्याचे मतांत रूपांतर होण्यासाठी संघटना लागते.

४) उमेदवारीच्या अटी कठोर झाल्याने निवडणूक सुटसुटीत झाली, त्याबरोबरच राजभोज यांच्यासारख्या चळवळीतील कार्यकर्त्याला या पदासाठी उभे राहण्याची वाट बंद झाली.

५) सोलापूर जिल्ह्याच्या उदाहरणावरून दिसते की राज्याच्या एकमुखी कौलाच्या कल्पनेखाली भाषिक, सामाजिक व पक्षीय विविधता झाकली जाते. राज्याचे मत समजून घ्यावयाचे तर आधी ते देणाऱ्या प्रतिनिधींकडे व त्यांना निवडून देणाऱ्या मतदारसंघांकडे पाहावे लागते.

२०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध झाल्यावर १९७१ च्या लोकसंख्येवर आधारलेल्या मतमूल्याचा फेरविचार अटळ ठरेल. राज्याराज्यांतील समतोलाचा प्रश्न त्या वेळी पुन्हा ऐरणीवर येईल. त्या चर्चेत महाराष्ट्राला आपल्या मताचे मूल्य किती, एवढाच प्रश्न विचारून भागणार नाही. ते मत कोण देतो आणि किती मोकळेपणाने देतो, हा १९६९ ने मागे ठेवलेला प्रश्नही विचारावा लागेल.